लिनिअर पोटेन्शिओमीटरचं रीडिंग नाचत होतं, ते असं थांबलं

अंबड एमआयडीसी, इंजेक्शन मोल्डिंग मशीन, ३०० मिमी स्ट्रोक (सरकण्याचं अंतर). लिनिअर पोटेन्शिओमीटर म्हणजे रॉड सरकला की रेझिस्टन्स बदलून जागा सांगणारा सेन्सर. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू होताच थांबलेल्या प्लॅटनचं (साचा धरणाऱ्या सरकत्या प्लेटचं) रीडिंग २-३ मिमी नाचायचं. सेन्सर बदलला, पीएलसीत (मशीनच्या कंट्रोलरमध्ये) फिल्टर वाढवला. फिल्टरने रीडिंगच मागे पडू लागलं. नुसता वैताग.

आधी पॉवर बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा. वायपर (सेन्सरमधला सरकता संपर्क) आणि एका टोकाला मल्टिमीटर लावून रॉड हळू सरकवा. ओहम ठरावीक जागीच उडाले तर ट्रॅक (वायपर घासतो ती रेझिस्टन्सची पट्टी) झिजलाय. इथे सरळ चढत होते, म्हणजे नॉइज, बाहेरून सिग्नलमध्ये घुसणारा इलेक्ट्रिकल गोंधळ.

सेन्सर केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ होती, त्यामुळे तिच्यातूनच करंट फिरत होता. सेन्सरकडचं टोक सोडवून टेप मारला, पॅनेलकडचं ठेवलं. मग केबल मोटर केबलपासून ३०० मिमी दूर नेली. ओलांडावी लागली तिथे काटकोनात. शेवटी शून्य आणि पूर्ण स्ट्रोक पुन्हा सेट केले. आता फरक ०.१ मिमीच्या आत.