स्क्रीनिंग प्रश्नावली बनवताय? या चुका टाळा

मानसिक त्रासाची पहिली चाळणी (स्क्रीनिंग) लावायला बनवलेल्या प्रश्नावल्या माझ्याकडे तपासायला येतात, त्यातल्या बहुतेकींचा जन्म गूगल फॉर्ममध्येच झालेला असतो. प्रश्न धड सुचायच्या आधी वरच्या पट्टीचा रंग ठरलेला असतो. सोबत निरोप: "मॅडम, टूल तयार आहे, फक्त एकदा नजर टाका. सोमवारपासून पेशंटना द्यायचंय." एम.फिल.चे विद्यार्थी असोत, नवं क्लिनिक टाकलेले समुपदेशक असोत की संस्थांचे प्रकल्प अधिकारी, चुका इतक्या त्याच त्याच असतात की हल्ली मी शेरेही जुन्या ईमेलमधून उचलून चिकटवते. ते एकदाच इथे लिहून टाकते.

प्रश्न आधी सुचतो, उपयोग नंतर शोधला जातो

मी प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीनं लिहिते: "हो आलं तर काय करणार?" निम्म्या प्रश्नांपुढची जागा कोरीच राहते. जो माणूस पैसे मोजून, घरच्यांना कसंबसं समजावून थेरपीला आलाय, त्याला "तुम्हाला ताण जाणवतो का?" विचारून काय मिळणार? ताण नसता तर आला कशाला असता?

पहिल्या भेटीआधी थेरपिस्टला कळायला हव्यात त्या गोष्टी वेगळ्या. मरणाचे विचार येतात का, दारू किती, घरात मारहाण होते का, कुणी नसताना आवाज ऐकू येतात का. आणि पूर्वी कधी सलग काही दिवस झोप नसतानाही अंगात भलताच उत्साह होता का, हे. हा शेवटचा प्रश्न नवख्यांच्या प्रश्नावलीत हमखास गायब असतो. उदास म्हणून आलेल्या माणसाला मुळात बायपोलर (कधी उदासी, कधी उन्माद असा आलटून पालटून येणारा आजार) असेल, तर नुसतं नैराश्याचं औषध त्याला उन्मादाकडे ढकलू शकतं. उत्तर "हो" आलं की आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, हे ठरलेलं असलं पाहिजे.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी तयार साधनं आहेत. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' १० प्रश्नांची. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, चिंतेसाठी जीएडी-७. या दोन्ही फुकट वापरता येतात, परवानगीही लागत नाही. पीएचक्यूच्या पहिल्या दोन प्रश्नांवर पहिली चाळणी लावता येते, तिला पीएचक्यू-२ म्हणतात. तरीही आपल्याकडे प्रत्येकाला स्वतःच्या नावाची ६० प्रश्नांची स्केल हवी असते. पेशंट विसाव्या प्रश्नानंतर एकाच रकान्यात सरळ टिका मारत खाली उतरतो, हे फॉर्म हाताळलेल्या कुणालाही विचारा.

बेरीज वाचली, उत्तर वाचलंच नाही

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरून गेलेलं बरं असं वाटण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आलं की नीट तपासायचं, असा साधारण रिवाज. एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात हे फॉर्म प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जमायचे आणि महिनाअखेरीला एक मुलगा ते एक्सेलमध्ये भरायचा. अहवालासाठी ती शीट माझ्याकडे आली. वर-खाली करताना एक ओळ दिसली: बेरीज ९, म्हणून 'सौम्य', म्हणून अख्खी ओळ छान हिरवी. आणि नवव्या रकान्यात ३, म्हणजे जवळजवळ रोज.

मी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. बाई घरी होत्या. म्हणाल्या, "लिहिलं होतं की मी. तुम्ही कुणी काहीच बोलला नाहीत, मला वाटलं एवढं काही नसेल." दरम्यान त्या दोनदा केंद्रात येऊन गेल्या होत्या, मुलाशी होणाऱ्या भांडणांवर तास-तास बोलल्या होत्या. समुपदेशकानं फोल्डर उघडलंच नव्हतं, कारण "ते प्रोजेक्टचं काम".

यावर त्या टीमनं काढलेला तोडगा ऐका: "मग तो प्रश्नच काढून टाकूया ना, मॅडम!" म्हणे विचारल्यानं पेशंटच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो. शिरत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झालाय आणि विचारल्यानं धोका वाढतो असं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं अनेकांना हायसं वाटतं. प्रश्न काढून टाकल्यानं सोय होते ती फक्त आपली.

माझी पद्धत अशी. हा प्रश्न मी बेरजेत असला तरी वेगळा वाचते. फॉर्म रिसेप्शनवर जमा होत नाही, पेशंट तो हातात घेऊन आत येतो, आणि तो खुर्चीत बसलेला असतानाच मी वाचते. शून्याखेरीज काहीही असलं तर त्याच भेटीत त्यावर बोलणं. ऑनलाइन फॉर्म असेल तर शनिवारी रात्री लिंक पाठवायची नाही; उत्तरं कधी वाचली जातील ते वरच लिहायचं. खाली टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर जरूर द्या, चोवीस तास चालतो. पण नंबर छापला म्हणजे आपलं वाचायचं काम संपलं, असं समजू नका.

"कधीच नाही" म्हणजे नक्की काय?

एक निवृत्त एसटी कंडक्टर काका. प्रश्न होता, "मला कोणत्याही कामात रस वाटत नाही." पर्याय: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. काकांनी ठाम टीक केली, "कधीच नाही". गुण शून्य. शेजारी काकू सांगत होत्या की दिवाळीपासून यांनी भजनी मंडळाचं तोंड पाहिलेलं नाही.

"काका, म्हणजे रस वाटतो ना?"

"कुठला वाटतोय? कधीच नाही वाटत. तेच तर लिहिलंय!"

काकांचं काही चुकलं नव्हतं. ज्याला तीन गुण पडायला हवेत त्याला आमच्या वाक्यानं शून्य दिला. या प्रश्नावलीचं इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून परत इंग्रजीत भाषांतर झालं होतं, तज्ज्ञांच्या सह्या होत्या, सगळं चोख. फक्त एकाही पेशंटला समोर बसवून "मोठ्यानं वाचा आणि काय समजलं ते सांगा" असं म्हटलं नव्हतं. हे काम कंटाळवाणं आहे, एकेका माणसाला तास लागतो, म्हणून घाईतली मंडळी ते टाळतात आणि तीनशे फॉर्म भरून आणतात. तीनशे फॉर्मही मग काकांसारखेच.

मी आता प्रश्नातला 'नाही' काढून टाकते. "रोजच्या कामातला रस कमी होणं", आणि पर्याय दिवसांत: एकही दिवस नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. यानं "मी रडतो/रडते" ही तिरक्या रेघेची कटकटही जाते. "रडू येणं" सगळ्यांना चालतं. पुस्तकं सांगतात की मध्ये मध्ये उलट्या अर्थाचे प्रश्न घाला, म्हणजे डोळे झाकून भरणारे सापडतात. मी घालत नाही. चार रात्री न झोपलेल्या माणसाची परीक्षा कशाला घ्यायची?

आकड्यांची हौस

"मॅडम, अल्फा ०.९५ आला!" येणारच. "मन उदास असणं", "मन खिन्न असणं", "उदासी जाणवणं" असे एकाच प्रश्नाचे तीन अवतार घातल्यावर दुसरं काय होईल? क्रॉनबाखचा अल्फा प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो. प्रश्नावली आजार ओळखते का, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

ते कळायला दुसऱ्या कुणीतरी, गुण न पाहता, त्याच पेशंटची रीतसर मुलाखत घ्यावी लागते. इथे सगळ्यांची दमछाक होते आणि मग "सरासरीच्या वर म्हणजे आजारी" असली कटऑफ (किती गुणांपासून आजारी धरायचं ती रेषा) जन्माला येते, तीही वसतिगृहातल्या मैत्रिणींच्या फॉर्मवरून.

कटऑफ उसनी घेतली तरी हिशेब करा. पीएचक्यू-९ च्या २००१ च्या मूळ अभ्यासात १० या कटऑफला आजारी असलेल्यांपैकी ८८ टक्के सापडले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले गेले. आता कॉलेजातली १००० मुलं घ्या, त्यात खरोखर नैराश्य असलेली १०० धरा. सापडतील ८८. पण उरलेल्या ९०० मधली १०८ मुलंही उगाच अडकतील. म्हणजे बोट दाखवलेल्या १९६ पैकी निम्म्याहून जास्त चुकीची. तीच प्रश्नावली निम्मे पेशंट नैराश्याचे असलेल्या क्लिनिकमध्ये १००० जणांना द्या: ४४० बरोबर, ६० चुकीचे. प्रश्न तेच, कटऑफ तीच. म्हणून गुण पाहून फाइलवर निदान लिहिणाऱ्यांचा हात मी धरते.

बाकीच्या, पटापट

नवऱ्यानं किंवा सासूबाईंनी भरलेला फॉर्म बाजूला ठेवा आणि पेशंटला एकटं बसवून पुन्हा घ्या. "गेल्या दोन आठवड्यांत" हे वर एकदाच छापलं तर तिसऱ्या प्रश्नाला माणूस आयुष्यभराचं सांगू लागतो; मी पेन्सिलीनं तारीख घालून देते, "अमुक तारखेपासून आजपर्यंत". "झोप आणि भूक कमी झाली आहे का?" हे दोन प्रश्न आहेत, दोन करा. बेक यांच्या नैराश्य स्केलची झेरॉक्स काढून घरगुती मराठी करू नका, ती विकत घ्यायची असते. उत्तरांचे स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख घाला. 'फायनल_नवीन_२' हा आवृत्ती क्रमांक नव्हे.