कोबीचा शेंडा करपतोय? दुपारी वाकून बघा

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी यांची कोवळी रोपं उष्ण दिवसांत पांढुरकी पडून करपू लागली, तर खतापाण्याला दोष देण्याआधी बागराडा ढेकूण शोधा. यालाच पेंटेड बगही म्हणतात. मूळचा आफ्रिका आणि दक्षिण आशियातला हा ढेकूण २००८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात सापडला आणि तिथून शेजारच्या राज्यांत पसरला.

सकाळच्या गारव्यात फेरी मारली तर तो सापडत नाही. ढेकळांखाली, भेगांत दडून बसतो. ऊन तापलं की वर येतो.

प्रौढ ५ ते ७ मिलिमीटरचा, ढालीसारखा, काळ्या अंगावर नारिंगी नि पांढऱ्या खुणा. बहुतेकदा जोडीच दिसते: पाठीमागून एकमेकांना चिकटलेली, मोठी मादी पुढे चालतेय आणि बिचारा नर उलटा फरफटत जातोय. हार्लेक्विन ढेकूणही असाच रंगीत असतो, पण बराच मोठा. त्याची अंडी पानावर ओळीत असतात. बागराडाची मादी बहुतांश अंडी मातीत घालते, म्हणून पानं उलटून काही उपयोग नाही.

खरी फसगत पिल्लांपाशी होते. लालसर-नारिंगी, त्यावर काळं. लोक त्यांना मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) समजून सोडून देतात, किंवा उलट ढालकिड्यालाच मारतात. किडा काडीने उताणा करा. पोटाखाली दुमडलेली सुईसारखी सोंड दिसली, तर तो ढेकूणच.

पान कुरतडलेलं नसतं. सोंड खुपसली तिथे फिकट, चांदणीसारखे डाग पडतात. पानाला बारीक छिद्रं असतील तर पिसू भुंगेरा शोधा. शेंडाच मेला की कोबी गड्डा धरत नाही, किंवा एकाच रोपाला तीन-चार निकामी गड्डे फुटतात.

रोप चार-सहा पानांचं होईपर्यंत रोज बघा. मोहरीवर्गीय (कोबी-मोहरीच्या कुळातलं) तण लागवडीआधीच काढा. पीक वाढल्यावर हे तण उपटलंत तर त्यावरचे ढेकूण सरळ रोपांवर येतील. कीटकरोधक जाळी उगवणीआधी किंवा लागवडीनंतर लगेच लावा, कडा मातीत दाबा. आधीच्या मोहरीवर्गीय पिकात हा ढेकूण होता, त्याच जागी जाळी लावू नका, नाहीतर मातीतली अंडी आतच फुटतील. स्पर्शजन्य (किडीच्या अंगाला लागल्यावर मारणारं) औषध वापरणार असाल तर या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेलंच घ्या आणि ढेकूण रोपांवर दिसत असतानाच फवारा. शेजारी काही फुलोऱ्यात असेल तर मधमाश्या पोळ्यात परतेपर्यंत थांबा.