हँडब्रेक धरत नाही? केबल आवळण्याआधी मागचे कॅलिपर बघा

हँडब्रेक पार वर ओढला तरी गाडी उतारावर सरकायला लागली, की बहुतेकांचा हात आधी केबलच्या नटाकडे जातो. दोन फेरे आवळले की दांडा पुन्हा कडक लागतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. मागे डिस्क ब्रेक असतील तर मात्र याच उपायाने पुढचा बिघाड सुरू होतो.

चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळून धरणारा भाग म्हणजे कॅलिपर. हँडब्रेक त्यावरच चालत असेल तर त्याच्या पाठीमागे एक छोटा लिव्हर असतो. केबल त्याला ओढते आणि आतला स्क्रू पिस्टनला पॅडवर दाबतो. पॅड झिजत जातील तसं हे अंतर कॅलिपर आतल्या आत स्वतःच भरून काढतो, पण त्यासाठी हँडब्रेक सोडल्यावर लिव्हर पूर्ण मागे येऊन स्टॉपरला टेकायला हवा. केबल जास्त आवळलेली असेल तर तो अर्धवट ओढलेलाच राहतो आणि अ‍ॅडजस्टमेंट थांबते. पॅड झिजतात, पोकळी वाढते, आपण केबल आणखी आवळतो. शेवटी लिव्हरची चालच संपते. म्हणून सुरुवात चाकापासून करायची आणि केबलला शेवटी हात लावायचा.

हे सगळं लिव्हरवाल्या कॅलिपरबद्दल आहे. काही गाड्यांत मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकसाठी वेगळे छोटे ब्रेक शू असतात. तिथे कॅलिपरचा हँडब्रेकशी संबंध नसतो, शू अ‍ॅडजस्ट करावे लागतात. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका, मोटर आणि गिअर तुटतात.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके लावा. मागच्या चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग गाडी उचलून जॅकस्टँडवर बसवा. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण खाली.

दोन्ही चाकं हाताने फिरवा. पॅड हलके घासल्याचा आवाज चालेल, चाक जड फिरता कामा नये. मग कुणाला तरी दांडा एकेक टिकटिक करत ओढायला सांगा आणि चाकं फिरवत राहा. दोन्ही साधारण एकाच टिकटिकीला धरायला लागली पाहिजेत. बऱ्याच गाड्यांत चार ते सात टिकटिकींत चाक हाताने हलेनासं होतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये सापडेल.

आता चाकं काढा आणि दांडा ओढता-सोडताना दोन्ही लिव्हरकडे बघा. बहुतेक निदान इथेच होतं.

एकच लिव्हर हलत असेल तर दुसऱ्या बाजूची केबल अडकली आहे किंवा तो लिव्हर जाम आहे. दोन्ही पूर्ण हलतात पण चाक धरत नाही, तर पॅड संपलेत, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालाय, डिस्कवर तेल-ग्रीस आलंय किंवा कॅलिपरमधली अ‍ॅडजस्टमेंट बंद पडली आहे. लिव्हर ओढला जातो पण परत येत नाही, तर केबलचं टोक लिव्हरवरून काढा आणि लिव्हर हाताने हलवून बघा. चटकन स्टॉपरला येऊन टेकला तर दोष केबलचा. मध्येच राहिला तर कॅलिपरचा. केबलच्या वरच्या आवरणाला चीर असेल तर पाणी आत जाऊन गंज चढलेला असतो. आत तेल घातलं तर अशी केबल थोडे दिवस चालते, पण बदलणंच बरं.

पॅड, पिना आणि पिस्टन

कॅलिपर उघडल्यावर तो होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनला बांधा. धूळ हवेने उडवू नका. ब्रेक क्लीनर आणि फडकं वापरा.

पॅडचं मटेरियल ३ मिमीच्या आसपास आलं असेल तर पॅड बदला, तेही दोन्ही चाकांचे एकदमच. आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजलेला दिसला तर कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना अडकल्या आहेत असं समजायला हरकत नाही. पिना काढून पुसा, गंज पॉलिश पेपरने उतरवा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. एखाद्या पिनेला रबरी बुश असतो. ती जिथली तिथेच परत बसवा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजून घ्या.

नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत घालावा लागतो. इथे सी-क्लॅम्पने दाबू नका, आतला स्क्रू निकामी होतो. पिस्टनच्या खाचांत बसणारं टूल लावून हलका दाब देत फिरवायचा, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. काही गाड्यांत एका बाजूचा उलटा फिरतो, म्हणून तो आत जात नसेल तर जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा. ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा. पातळी वर येते, आणि सांडलेलं ऑइल रंग खातं. पॅडच्या मागे टोचा असेल तर तो पिस्टनच्या खाचेत बसेल अशी खाच शेवटी जुळवून घ्या. हे चुकलं तर पॅड तिरका बसतो.

लिव्हर जाम असेल, पिस्टन फिरतच नसेल किंवा बूट (रबरी आवरण) फाटून पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर कॅलिपर बदला. लिव्हरवर तेल मारून, तो हलवून मोकळा करता येतो, पण बूट फाटलेला असेल तर तो पुन्हा अडकतो. नव्या कॅलिपरला होजचे कॉपर वॉशर नवेच घाला आणि एअर काढा. ब्लीड निपल, म्हणजे एअर काढायचं तोंड, वरच्या बाजूला आलं पाहिजे. ते खाली आलं असेल तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झालाय आणि एअर कधीच पूर्ण निघणार नाही.

आता केबल

अ‍ॅडजस्टरचा नट पूर्ण सैल करा, दोन्ही लिव्हर स्टॉपरला टेकलेत याची खात्री करा. हँडब्रेक खालीच ठेवून ब्रेक पेडल सावकाश, पूर्ण सोडत २०-३० वेळा दाबा, पेडल कडक लागेपर्यंत. कॅलिपर याच वेळी पॅडमधलं अंतर जुळवून घेतो, म्हणून घाई नको. मग नट हळूहळू आवळा. कुठलाही लिव्हर स्टॉपरवरून सुटायला लागला की थांबा आणि नट थोडा मागे घ्या. हँडब्रेक चार-पाच वेळा जोरात ओढून सोडा आणि लिव्हर पुन्हा बघा: दोन्ही टेकलेलेच हवेत.

चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल एकदा कडक लागतंय ना ते बघा, मग हलक्या उतारावर पाय पेडलजवळ ठेवून हँडब्रेक तपासा. पाच-सहा किलोमीटर चालवून थांबल्यावर हात मागच्या चाकांजवळ न्या, डिस्कला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्या बाजूचा लिव्हर अजून पूर्ण परतत नाही किंवा पिना अडकताहेत. पुन्हा ते चाक काढा.