कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता कुंडीत लावताय? मग या चुका टाळा

पुण्यात जूनचे दोन पाऊस झाले की सगळे नर्सरीत पळतात, पुदिना आणतात, कढीपत्ता आणतात, हल्ली तर बेसिल आणि रोजमेरीपण आणतात, आणि गणपती येईपर्यंत त्यातल्या निम्म्या कुंड्या रिकाम्या झालेल्या असतात. मग फोन येतो, अगं पानं पिवळी पडतायत, कोणतं खत घालू? मी प्रत्येक वेळी एकच विचारते, झाड कुंडीतून काढून मुळं बघितलीस का? बहुतेकांनी बघितलेलीच नसतात.

आधी मुळं बघा हो. पांढरट आणि कडक असतील तर झाड ठीक आहे, तपकिरी होऊन बोटाने दाबल्यावर लिबलिबीत लागत असतील, वास येत असेल, तर कुजलीयत. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं आणि जास्त झालं तरी तसंच मान टाकतं, त्यामुळे वरून बघून कळतच नाही, आपण अजून एक तांब्या ओततो आणि झाड जातं. माती ओली आणि झाड मलूल, असं दिसलं की पाणी लगेच बंद. एरवी बोट इंचभर मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. मे महिन्यात गच्चीवर पुदिन्याला दिवसातून दोनदापण लागेल आणि जुलैत आठवडाभर एकदाही लागणार नाही, म्हणून "रोज सकाळी एक मग" हा नियम सोडून द्या.

दुसरं म्हणजे माती. नर्सरीतून रोप येतं ते बऱ्याचदा लाल चिकट मातीच्या गोळ्यात, तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवला तर आतला भाग एकतर दगडासारखा सुकतो नाहीतर चिखल होऊन बसतो. माझी एक रोजमेरी याच्यामुळेच गेली, भर पावसाळ्यात, फार वाईट वाटलं होतं. आता मी गोळा हलक्या हाताने मोकळा करून मगच लावते. मिश्रण म्हणाल तर साधारण चार भाग माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. रोजमेरी-थाइमला मात्र खत निम्मं करा आणि जाडसर वाळू घाला. कोकोपीटची वीट भिजवून एक-दोनदा पाणी बदलायचं, त्यात क्षार असतात. शेणखत ताजं घालू नका, मुळं भाजतात. आणि तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यायची काहीच गरज नाही, त्याने निचरा सुधारत नाही, उलट मातीची जागा कमी होते आणि पाणी थराच्या वरच अडकून राहतं. भोकावर एक खापरी पुरते. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढूनच ठेवा, मुळांसाठीही आणि डेंग्यूच्या डासांसाठीही.

कोथिंबिरीचं दुखणं वेगळंच आहे. धणे अख्खे पेरतात आणि उगवत नाही म्हणतात. धणा म्हणजे दोन बिया एकत्र असतात, पोळपाटावर लाटणं हलकं फिरवून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायच्या, अर्धा इंच खोल पेरायच्या, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. रोपं उपटून दुसरीकडे लावू नका, तिचं मूळ सरळ खाली जातं आणि हलवलेलं तिला सोसत नाही, आठ इंच खोल ट्रे किंवा कुंडीत जिथे हवी तिथेच पेरा. एप्रिल-मेच्या उन्हात ती भराभर फुलावर येते आणि पानं बारीक होतात, ते खताने थांबत नाही, हिरवी नेट बांधा आणि फक्त सकाळचं ऊन द्या. खरी मजा ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सगळे धणे एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडे पेरत गेलं तर पोह्यांवर घालायला घरची कोथिंबीर कायम मिळते.

पुदिना कुणाबरोबर लावू नका, बाकीच्यांना खाऊन टाकतो. पसरट कुंडी आणि तो एकटा, बस्स. बेसिलचे तुरे दिसले की खुडा.

कढीपत्ता थंडीत थांबतो, पानं गाळतो, आणि लोक घाबरून खत-पाण्याचा मारा करतात. तो झोपलाय, झोपू द्या, पाणी कमी करा, फेब्रुवारीत फुटवा येतो. पानं एकेक न तोडता शेंड्याकडून फांदी कापा म्हणजे खाली दोन फुटतात. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, बोअर आणि टँकरच्या जड पाण्यावर वाढवणाऱ्यांना हे खूप दिसतं, मातीवर पांढरी पापडीपण धरते. शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला. पक्ष्याची विष्ठा वाटावी अशी अळी पानांवर दिसली तर ती फुलपाखराची आहे, फवारे मारू नका, हाताने उचला. आमच्याकडे एक फांदी त्यांच्यासाठी ठेवलेली असते.

आणि गच्चीवर विटांचे वाफे बांधणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशोब करा. चार बाय दोन फुटांचा, फूटभर खोल वाफा म्हणजे सव्वादोनशे लिटर माती, ओली झाल्यावर साडेतीनशे किलोच्या घरात जाते. स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमवर किंवा भिंतीलगत ठेवा, खाली विटा देऊन उचलून घ्या म्हणजे पाणी वाहून जाईल, आणि वॉटरप्रूफिंग तपासल्याशिवाय माती भरू नका, कारण एकदा खालच्या घरात ओल उतरली की सोसायटी आधी तुमचा वाफाच काढायला लावते.