निळा लाइट लावला म्हणून औषध वाढत नाही भाऊ, आधी या चुका टाळा

अंजनगाव सुर्जीकडे आमची छोटी टिश्यू कल्चर लॅब आहे, म्हणजे बॉटलमध्ये रोपं तयार करायची, काम मुख्य ब्राह्मी आणि सफेद मुसळीचं, थोडीफार पानपिंपळी. गेल्या दोन-तीन वर्षांत आठवड्याला एक तरी फोन ठरलेला, "भाऊ, निया लाइट लावला तं औषध वाढते म्हणते, किती वॅटचा लावू?" औषध म्हणजे रोपातलं औषधी द्रव्य. आता रंगाचा परिणाम होतो हे खरंच आहे. रोपाला निळा ओळखायला क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन ही प्रथिनं असतात, लालसाठी फायटोक्रोम, तो 660 नॅनोमीटर लहरीच्या लालनं चालू होतो आणि 730 च्या फार-रेडनं, म्हणजे लालच्या पलीकडच्या उजेडानं, बंद. बऱ्याच झाडांत निळ्याखाली रोप बुटकं, पान जाड आणि फ्लेव्होनॉइडसारखी द्रव्यं जास्त असं दिसते. पण लोक ज्याला रंगाचा परिणाम म्हणून सांगतात त्यातलं अर्धं रंगाचं नसतेच, आणि ते पाहून आता खरंच जीव कंटाळला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाइट लक्समध्ये मोजणं. ही मी स्वतः केलेली आहे म्हणून लांब सांगतो. सुरुवातीच्या काळात ब्राह्मीचे दोन रॅक लावले, एकावर पांढरी एलईडी ट्यूब, दुसऱ्यावर निळ्या पट्ट्या, आणि दोन्हीकडे उजेड सारखा पाहिजे म्हणून मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप घेतलं. निळ्याचा आकडा काही केल्या वर येईना, म्हणून दोन पट्ट्यांच्या पाच केल्या, त्या खाली खाली आणत बॉटलच्या झाकणापर्यंत टेकवल्या तरी आकडा कमीच. सहा आठवड्यांनी पानं बारीक आणि जाड, देठ लालसर, आणि तपासणीत बॅकोसाइड (ब्राह्मीतलं औषधी द्रव्य) पांढऱ्यापेक्षा चांगलंच जास्त. आम्ही खुश, चार लोकांना सांगितलं, त्यांनी पट्ट्या विकत घेतल्या. नंतर एका कृषी महाविद्यालयातल्या सरांकडून क्वांटम मीटर (रोपाच्या कामाचा उजेड मोजतो तो) दोन दिवसांसाठी मागून आणला आणि बॉटलच्या उंचीवर धरला तं पांढऱ्याखाली 30 च्या आसपास मायक्रोमोल (त्या मीटरचं माप) आणि निळ्याखाली 110 च्या वर. म्हणजे रोपाला साडेतीन पट उजेड मिळत होता, वरून पट्ट्यांची गर्मी वेगळी. दोन्हीकडे 40 वर आणून पुन्हा बॅच लावली तेव्हा फरक राहिला, पण इतका थोडा की त्यासाठी कोणाला पट्ट्या घ्यायला सांगितल्याच नसत्या. त्या चार लोकांना फोन करून हे सांगावं लागलं, ते मला अजून लागते.

कारण साधं आहे. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त पाहतो आणि 450 चा निळा किंवा 660 चा लाल त्याला फार कमी दिसतो. रोपाचा हिशोब 400 ते 700 मधले फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, किती पडले याचा. मीटर महाग आहे, मान्य, माझ्याकडेही तीन वर्षं नव्हता, पण बॅचच्या सुरुवातीला एक दिवस मागून आणता येते. मी रॅकवर पाच जागी मोजतो, चार कोपरे आणि मधात, आकडा मास्किंग टेपवर लिहून तिथंच चिकटवतो आणि सोमवारी-गुरुवारी बॉटल जागा बदलून ठेवतो. मीटर मिळतच नसेल तर रंगांची तुलना करू नका, पांढऱ्याखाली चांगली रोपं काढा, त्यात काही कमीपणा नाही.

याचीच धाकटी बहीण म्हणजे जिलेटीन कागद. झाडीपट्टीच्या नाटकात फोकसवर लावतात तसा लाल कागद ट्यूबवर गुंडाळून "रेड लाइट ट्रीटमेंट" म्हणतात. कागद रंग तयार करत नाही, नको ते अडवतो फक्त. साध्या ट्यूबमध्ये 660 चा लाल मुळातच थोडा, त्यामुळे रोपाला मिळतो मंद नारिंगी-लाल उजेड.

आता टक्क्यांचं. तपासणीचा कागद येतो, निळ्याखाली 2 टक्के, लालखाली 1.5, आणि पोरगं नाचायला लागते. अरे पण बॉटलमधून सुकलेला माल किती निघाला? निळ्याखाली अर्धा ग्रॅम निघाला तर औषध 10 मिलिग्रॅम, लालखाली एक ग्रॅम निघाला तर 15. वजन न करता टक्के सांगणाऱ्याचं मी ऐकून घेत नाही.

आणखी एक चूक जवळजवळ कोणीच पाहत नाही, ती म्हणजे लाइट फक्त रोपावर पडतो असं समजणं. तो मीडियावरही, म्हणजे बॉटलमधल्या रोपाच्या खाद्यावरही पडतो ना! एमएस नावाच्या नेहमीच्या मीडियात लोह ईडीटीए नावाच्या रसायनासोबत बांधून दिलेलं असते, आणि उजेडात, त्यातही निळ्या उजेडात, ते ईडीटीए फुटते, लोह रोपाला मिळेनासं होते आणि फॉर्मल्डिहाइड हे रोपाला बाधणारं रसायन तयार होते. आयएए (मुळं फुटायचं संप्रेरक) टाकलं असेल तर तेही उजेडात नासते (त्याच कामाचं एनएए त्या मानानं टिकते). म्हणजे निळ्या रॅकवरची रोपं पिवळी पडली, मुळं खुंटली, तर दोष रंगाचा की बिघडलेल्या मीडियाचा हे नुसतं पाहून कळतच नाही, आणि अशा त्रासात रोपानं एखादं द्रव्य जास्त बनवलं तर लोक त्याचं श्रेय निळ्या रंगाला देऊन मोकळे होतात. मी काय करतो, रोप न लावलेल्या मीडियाच्या चार-पाच बॉटल दोन आठवडे निळ्याखाली ठेवतो, तेवढ्याच अंधाऱ्या कपाटात ठेवतो, मग दोन्हींवर एकाच मदर कल्चरचे, म्हणजे मूळ बॉटलमधले, शूट (कोंब) लावून सगळ्या पांढऱ्या रॅकवर. निळ्यातून आलेल्या मीडियावर रोप मागं पडलं तर गोष्ट तिथंच कळते. बाकी बॅचला मीडियाच्या उंचीपर्यंत बाहेरून अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळतो. शंभर बॉटलला फॉइल लावायला दुपार जाते आणि नवीन आलेली मुलं हमखास विचारतात की हे कायले पाहिजे. ज्याला ती दुपार द्यायची नाही त्यानं रंगाच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग "कोणता रंग चांगला" हा प्रश्न. कोणत्या द्रव्यासाठी ते आधी सांगा. अंगणातल्या सदाफुलीत विंडोलिन नावाचं द्रव्य बनायच्या शेवटच्या पायऱ्यांना उजेड लागतो, आणि विंडोलिन नसेल तर त्यातून पुढं बनणारं कॅन्सरवरचं विनब्लास्टिनही नाही. उलट जपानात 1980 च्या दशकात एका दुसऱ्या झाडाच्या पेशी वाढवून शिकोनिन नावाचा लाल रंग काढायला लागले, त्याला पांढरा किंवा निळा उजेड चालत नाही, ते अंधारात बनते. दोन झाडं, दोन उलट उत्तरं. आणि द्रव्य कोणत्या भागात असते तेही पहा. एकानं बॉटलमधल्या पानपिंपळीची पानं पाइपरिनसाठी (त्यातलं तिखट द्रव्य) तपासायला पाठवली, पैसे गेले, पाइपरिन पाहायचं तर आपण विकतो ते फळ पाहिजे आणि बॉटलमध्ये फळ येत नाही. मुसळीचंही तेच, औषध कंदात, तपासणी पानाची.

बाकीच्या छोट्या, पण रोज दिसणाऱ्या. दोन रॅकच्या मधात काळा पडदा नाही, म्हणजे लालच्या रोपांवर शेजारचा निळा पडतोच आहे. लाल-निळा मिळून होणाऱ्या जांभळ्या लाइटखाली बुरशी आणि पिवळेपणा दिसत नाही, बॉटल पांढऱ्या टॉर्चखाली पाहा. एका रंगाला तीन बॉटल लावून निष्कर्ष काढू नका. सॅम्पल मे महिन्यात गच्चीवर उन्हात वाळवू नका, सावलीत किंवा 40 अंशाच्या ओव्हनमध्ये, आणि सगळ्या रंगांचं एकाच दिवशी.

टायमरचं मात्र नीट ऐका. लाइन गेली की चकतीचा स्वस्त टायमर थांबतो आणि लाइन आली की तिथूनच पुढं चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रोज दोन-तीन तास गेले तर रोज 16 तास उजेडाचं वेळापत्रक आठवड्यात पार सरकून जाते, आणि निळा रॅक इन्व्हर्टरवर, लाल साध्या लाइनवर असेल तर तुलना संपलीच. बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्या आणि दोन्ही रॅक एकाच लाइनवर ठेवा.

शेवटची गोष्ट रोप घेणाऱ्यांसाठी. "निळ्या लाइटची रोपं" म्हणून जास्त भाव सांगणारे आता भेटायला लागले. हार्डनिंग (बाहेरच्या हवेची सवय लावणं) होऊन रोप हिरव्या नेटखालून वावरात गेलं की नवीन पान आपल्या उन्हातच बनते, बॉटलमधला रंग त्या पानानं पाहिलेलाच नसतो. त्याचे जास्त पैसे देऊ नका. मदर प्लांट कोणतं, किती वेळा सबकल्चर (तोडून नव्या मीडियात लावणं) झालं आणि हार्डनिंग किती दिवस केलं एवढं विचारा, आणि उत्तर द्यायला आढेवेढे घेतले तर दुसरीकडे जा.