रेल्वेत काम करणारा माणूस लपून पीत असेल तर: हृदयाची काळजी कशी घ्यावी

कळवा किंवा सानपाडा कारशेडमधला, रुळांवरच्या गँगमधला माणूस रोज पितो हे घरात बऱ्याचदा सगळ्यांत शेवटी कळतं. ड्यूटी चुकत नाही, पगार घरी येतो, आरडाओरड नाही. रनिंग स्टाफची, म्हणजे गाडीवरच्या मोटरमन-गार्डची, श्वासचाचणी होते, म्हणून काहीजण वेळेचा हिशेब लावून पितात. पण चाचणीत शून्य आलं म्हणजे त्या घडीला श्वासात दारू नाही, एवढंच. हृदयाचं काय झालंय ते त्यात दिसत नाही.

आधी प्रमाण काढा. ‘पितोस का?’ विचारलं की ‘थोडी’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘क्वार्टर किती दिवस पुरते?’ असं विचारा. ४२.८ टक्क्यांची १८० मिली क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त घेणं जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपानात धरते. शरीर तासाला साधारण सात ग्रॅम दारू संपवतं. रात्री अकराला रिकामी केलेली क्वार्टर सकाळी सातलाही रक्तात असू शकते. अंघोळ, चहा, बडीशेप यांनी हा वेग वाढत नाही.

मग बीपी मोजा. इथे वेळेत फसगत होते: भरपूर प्यायल्यावर काही तास बीपी उतरतं आणि बारा-तेरा तासांनी चढतं. म्हणून फक्त रात्री मोजलेल्या आकड्यावर निर्धास्त राहू नका. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, हात छातीच्या पातळीला ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जा. ‘आज प्यायचीय’ म्हणून बीपीची गोळी चुकवणारे खूप असतात, तेही विचारा.

स्टेशनचा पूल चढताना लागणारी धाप, संध्याकाळी घोट्यांवर मोज्याचे खोल वळ, रात्री उठून बसावं लागणं ही हृदय कमजोर झाल्याची चिन्हं असू शकतात. सुट्टीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी धडधड झाली तर ती चालू असतानाच ईसीजी काढा. ठोके पुन्हा नीट पडायला लागले की ईसीजी नॉर्मल येतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लोकलच्या डब्यात ‘न कळत दारू सोडवा’ अशा पत्रकांवर मिळणारी पावडर जेवणात मिसळू नका. अशा पावडरीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि तो माणूस प्यायला, तर बीपी एकदम कोसळतं, ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

रोज क्वार्टर लागणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, नाडी आणि बीपी वाढतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम झाला तर तो जीवघेणा ठरू शकतो. डॉक्टर औषधांच्या आधाराने, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन दारू सोडवतात.

डॉक्टरांना क्वार्टरचा खरा आकडा सांगा. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्तातल्या जीजीटीबद्दल (यकृताची तपासणी) विचारा. अनफिट ठरण्याच्या भीतीने मेडिकलमध्ये लपवणारे असतात. पण अनफिट ठरलेल्याला पर्यायी पद देण्याची तरतूद रेल्वेत आहे. वेळेत दारू सुटली तर कमजोर झालेलं हृदय काही महिन्यांत बऱ्याच जणांचं सुधारतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर फोन करा. छाती दाबल्यासारखं होणं दहा मिनिटांत थांबलं नाही, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा-लिंबू देत बसू नका, लगेच १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि तो किती प्यायलाय तेही त्यांना सांगा.