पुडी फोडण्याआधी पान उलटून बघा

झड काही सुटत नाही. बेळगावजवळच्या कडोली-उचगावकडे बटाटा भरात आहे, कोबी गड्डा धरतोय, आणि दुकानातून येणाऱ्या प्रत्येक पिशवीत स्ट्रेप्टोची ६ ग्रॅमची पुडी आहेच. ‘सगळ्यावर चालते, टाका पंपात.’ नाही चालत. ती प्रतिजैविकाची पुडी आहे, स्ट्रेप्टोमायसिन आणि थोडं टेट्रासायक्लिन. मारते ती जिवाणूंना. बटाट्याचा उशिराचा करपा बुरशीसारख्या जीवाचा, त्याचं तिच्यानं काही बिघडत नाही.

गेल्या श्रावणात अशाच एका रानात गेलो होतो. तीन फवारण्या झालेल्या, तिन्हींत पुडी. सकाळी पान उलटलं, तर काळपट डागाच्या कडेला कापसासारखी पांढरी लव. आठवड्यात अख्खं रान उकडल्यासारखं काळं पडलं. पहिल्या डागालाच कुणी पान उलटलं असतं, तर औषध तरी बरोबर पडलं असतं. दर वर्षी हेच बघतोय.

आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पानावर, मातीत असंख्य जिवाणू असतात, बहुतेक निरुपद्रवी. पुडी फवारली की औषधाला बळी पडणारे मरतात, पचवणारे उरतात. ज्या जनुकामुळं ते वाचले, ते जनुक ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. मग तीच कोथिंबीर, तोच कोबी आपण कच्चा खातो. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध, हे विसरू नका. कॅलिफोर्नियात नासपतीच्या बागांत हेच फवारत होते; १९७१ मध्ये तिथं त्याला दाद न देणारा रोगजंतू सापडला. आपल्याकडंही केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये या दोन्ही औषधांचा शेतीतला वापर बंद करण्याचा मसुदा काढला होता.

तेव्हा आधी पान बघा:

पानाखाली सकाळी पांढरी लव दिसली तर करपा. डाग दिसायच्या आधी मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरला २.५ ग्रॅम. डाग दिसले की मेटालॅक्झिल ८ अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के, तेही २.५ ग्रॅम. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. माझा अंदाज असा, की सलग दोन दिवस ऊन नाही आणि सकाळी नऊपर्यंत पानावरचं पाणी सुटत नाही, तर डागाची वाट बघू नये.

कोबीच्या पानाच्या कडेपासून आत शिरणारा पिवळा त्रिकोण आणि काळ्या शिरा दिसल्या, तर काळी कुज. ही जिवाणूचीच. पण इथंही पुडी नको. रोगट पानं रानाबाहेर काढा, ओल्या पिकात फिरू नका, पुढच्या वेळी बी ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मग पेरा.

टोमॅटो किंवा बटाटा हिरवाच माना टाकत असेल, तर खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यात, स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात दुधासारखे धागे उतरले, तर मर जिवाणूची. वरून काहीही फवारलं तरी वाया. झाड मुळासकट उपटा आणि त्या ओळीचं पाणी दुसरीकडं जाऊ देऊ नका.

कच्चं कोंबडखतही हाच धोका आणतं. कोंबड्यांना दिलेल्या प्रतिजैविकांचा अंश आणि प्रतिकाराची जनुकं त्यातून थेट मातीत जातात. कॉलिस्टिन हे प्रतिजैविक जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर केंद्रानं २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीनं. खताचा ढीग लावा, पाणी मारा, वरखाली करा. आतली उष्णता ५५ अंशांच्या वर जाऊन टिकली पाहिजे. ढिगाच्या पोटात सळई खुपसा, दहा मिनिटांनी काढल्यावर हातात धरवली नाही तर समजा ढीग तापलाय. कच्चं खत पडलंच असेल, तर पालेभाजीच्या काढणीपर्यंत चार महिन्यांचं अंतर ठेवा.

बाकी कामं:
- चर उघडे ठेवा
- बटाट्याला भर द्या
- तण काढा
- सोयाबीनवर अळी बघा
- भातात पाणी बांधा

पुडी बिलात आली असेल तर परत करा. रोग ओळखता आला नाही, तर रोगट पानं कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, घाम धरून सडतात. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचवा.